२५ बाइटांचा भोसले घाट

काशीत मणिकर्णिकेवरून नावेने पंचगंगेकडे निघाले की शिंद्यांचा घाट आणि संकटा घाट मागे पडतात आणि थोड्याच अंतरावर डाव्या हाताला भोसले घाट येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी तो बांधवून घेतला. भक्कम दगडी इमारत, अगदी वरच्या बाजूला मोजक्या नक्षीदार खिडक्या आणि घाटावर लक्ष्मीनारायणाचे देऊळ. गंगेकाठी मराठी माणसांनी जे उभे केले, त्यातले हे एक ठसठशीत बांधकाम.

या घाटाचे नाव संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलीत देवनागरीत टाइप केले, तर ती फाइल नेमकी २५ बाइटांची होते. हीच फाइल आजकाल सर्रास मिळणाऱ्या १२८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ठेवली, आणि तो ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने, कोणताही आकडा न बदलता फॉरमॅट केलेला असला, तर ती १,३१,०७२ बाइट जागा अडवते. म्हणजे मूळ मजकुराच्या पाच हजार पटींहून जास्त. आणि विंडोजच्या लॅपटॉपमधल्या एनटीएफएस डिस्कवर हीच फाइल वेगळी अशी जागाच मागत नाही, कारण इतका लहान मजकूर फाइलीच्या नोंदीतच मावून जातो.

मजकूर एकच, आणि त्याने अडवलेली जागा डिस्कगणिक अशी बदलते. हा फरक कोणाच्या चुकीमुळे पडत नाही. डिस्कची जागा कशी वाटायची, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, आणि बहुतेक वेळा ते ठरवणाऱ्याला आपण काही ठरवत आहोत याचा पत्ताही नसतो. घरच्या पेन ड्राइव्हपुरते हे ठीक. पण देशभरातल्या पोथ्या, दफ्तरे, वह्या संगणकावर आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले जात असताना ही बेफिकिरी महाग पडणार आहे, आणि तिचा सर्वांत मोठा फटका बसणार आहे तो मराठीसारख्या भाषांमधल्या मजकुराला.

आधी हे घडते कसे, ते पाहू. डिस्कवरची जागा बाइटाबाइटाने वाटली जात नाही. तिचे समान आकाराचे तुकडे पाडलेले असतात. विंडोजच्या जगात त्यांना क्लस्टर किंवा अ‍ॅलोकेशन युनिट म्हणतात, लिनक्समध्ये ब्लॉक. नियम एकच: एका क्लस्टरमध्ये दोन फाइली राहत नाहीत. क्लस्टर ४ केबीचा, म्हणजे ४,०९६ बाइटांचा असेल आणि फाइल ५,००० बाइटांची असेल, तर तिला दोन क्लस्टर मिळतात. उरलेले ३,१९२ बाइट कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. मोठ्या फाइलीला हे जाणवत नाही. तासाभराच्या चित्रफितीत शेवटचा अर्धा क्लस्टर रिकामा गेला तर काय बिघडते? पण हजारो, लाखो लहान फाइली असतील तर प्रत्येकीमागे हीच उधळण होते. सरासरीने फाइलीमागे अर्धा क्लस्टर वाया जातो असा ढोबळ हिशेब करतात. फाइल क्लस्टरपेक्षा फारच लहान असेल, तर मात्र जवळजवळ अख्खा क्लस्टरच वाया जातो.

मग क्लस्टर लहानच का ठेवत नाहीत? कारण प्रत्येक क्लस्टरची नोंद ठेवावी लागते. १२८ जीबीच्या डिस्कवर १२८ केबीचे क्लस्टर पाडले, तर ते साधारण दहा लाख होतात. ४ केबीचे पाडले, तर सव्वातीन कोटींच्या पुढे जातात. एक्सफॅटमध्ये दर क्लस्टरमागे चार बाइटांची नोंद असते. म्हणजे पहिल्या डिस्कवर नोंदींचा तक्ता ४ एमबीचा, दुसरीवर १२८ एमबीचा. शिवाय क्लस्टर मोठा असला की मोठी फाइल कमी तुकड्यांत, सलग लिहिली जाते. कॅमेऱ्याच्या कार्डावर अखंड चित्रीकरण उतरवायचे असते, तेव्हा हेच हवे असते. एक्सफॅट मुळात अशाच कामांसाठी आले. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ते आणले, आणि ३२ जीबीहून मोठ्या एसडी कार्डांसाठी तेच प्रमाण ठरले. त्यामुळे १२८ केबी या आकड्याला दोष देण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यासाठी तो योग्यच आहे. ग्रंथपालाच्या हातातल्या ड्राइव्हवर मात्र तो गैरलागू ठरतो.

ही ओढाताण संगणकशास्त्राला नवी नाही. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या चौघांनी, म्हणजे मार्शल कर्क मॅकक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी, युनिक्ससाठी नव्या फाइल व्यवस्थेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आपल्याच संगणकांवरच्या, पाऊण जीबीच्या आसपास भरणाऱ्या खऱ्याखुऱ्या फाइली मोजून दाखवल्या. ब्लॉक ५१२ बाइटांचा ठेवला, तर ६.९ टक्के जागा वाया जात होती. १,०२४ बाइटांचा ठेवला, तर ११.८ टक्के, २,०४८ ला २२.४ टक्के, आणि ४,०९६ ला तब्बल ४५.६ टक्के. दुसऱ्या बाजूला, जुन्या व्यवस्थेत ब्लॉक ५१२ वरून नुसता १,०२४ केला, तरी कामाचा वेग दुपटीहून अधिक वाढलेला त्यांनी आधीच पाहिला होता. वेग हवा तर जागा जाते, आणि जागा राखावी तर वेग जातो.

त्यांनी काढलेला तोडगा आजही शिकण्यासारखा आहे. ब्लॉक मोठाच ठेवायचा, पण फाइलीच्या शेपटासाठी त्याच ब्लॉकचे लहान तुकडे पाडून ते वेगवेगळ्या फाइलींना वाटू द्यायचे. त्यांनी दोन्ही बाजूंचे आकडे समोर मांडले आणि मगच निवड केली. आपल्याकडच्या डिजिटायझेशनच्या कामांत हीच पायरी गाळली जाते.

घरगुती संगणकांवर हा प्रश्न नव्वदच्या दशकात ठळकपणे पुढे आला. त्या वेळच्या डॉस आणि विंडोज ९५ मधल्या फॅट-१६ व्यवस्थेत क्लस्टरची संख्या साडेपासष्ट हजारांच्या आसपासच जाऊ शकत असे. डिस्क वाढली की क्लस्टर फुगवण्यावाचून इलाज नसे. १ जीबीच्या पुढच्या डिस्कवर क्लस्टर ३२ केबीचा होई. अशा डिस्कवर दहा हजार फाइली असल्या, तर १६० एमबीच्या आसपास जागा हवेत विरे. हजार-बाराशे एमबीची डिस्क ही चैनीची वस्तू होती, तेव्हा हा तोटा डोळ्यांत भरण्यासारखा होता. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आले आणि ८ जीबीपर्यंतच्या डिस्कवर क्लस्टर पुन्हा ४ केबीवर आला. एनटीएफएस तर १९९३ पासूनच होते. हळूहळू लोक ही गोष्ट विसरले. पुढे डिस्क स्वस्त झाल्या आणि तोटा कोणाच्या नजरेला येईनासा झाला.

आता मराठी मजकुराचा भाग. नव्वदच्या दशकातच भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण होते. त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाला एक बाइट लागे. ‘भोसले घाट’ नऊ बाइटांत बसे. आज सगळे जग युनिकोडवर आहे आणि फाइली साठवण्याची रूढ पद्धत यूटीएफ-८ आहे. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीलाही, तीन बाइट लागतात. रोमन लिपीत लिहिलेला भोसले घाट १२ बाइटांचा, देवनागरीतला २५ बाइटांचा. युनिकोडकडे जाणे शंभर टक्के योग्यच होते. प्रत्येक फाँटाची लिपी वेगळी आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नाही, हे दिवस ज्यांनी छापखान्यांत काढले त्यांना ते कोणी पटवून द्यायला नको. पण त्याची किंमत ध्यानात ठेवावी लागते. ४ केबीच्या क्लस्टरमध्ये देवनागरीची फक्त १,३६५ अक्षरचिन्हे मावतात. छापील पुस्तकाचे साधे पान यापेक्षा जास्त भरते. म्हणून मराठी पानाची मजकूर-फाइल बहुधा पहिला क्लस्टर भरून दुसऱ्यात डोकावते, आणि दुसरा बहुतांशी रिकामा राहतो.

एक आडवाटेची पण कामाची गोष्ट इथेच सांगून टाकावी. लिनक्सच्या रूढ फाइल व्यवस्थेत फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ अक्षरचिन्हे. विंडोजवर ही मर्यादा बाइटांत मोजली जात नसल्याने तिथे २५५ चिन्हांचे मराठी नावही चालते. ग्रंथाचे नाव, लेखक, शके, पानाचा क्रमांक असे सगळे फाइलीच्या नावात कोंबण्याची हौस आपल्याकडे फार. विंडोजवर तयार झालेला असा संग्रह लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताना लांब नावांच्या फाइली मागेच राहू शकतात. नाव आखूड ठेवावे, तपशील सूचीत लिहावा.

आता हिशेब. एका संस्थेने दहा हजार पाने टंकित करून किंवा अक्षर-ओळख यंत्रणेतून काढून प्रत्येक पानाची एक अशी मजकूर-फाइल केली, आणि प्रत्येक फाइल ५,००० बाइटांची आहे असे धरू. एकूण मजकूर ५ कोटी बाइटांचा. ४ केबीच्या क्लस्टरवर तो ८ कोटी १९ लाख बाइट अडवतो. ३२ केबीच्या क्लस्टरवर ३२ कोटी ७६ लाख. १२८ केबीच्या क्लस्टरवर १३१ कोटी. मूळच्या सव्वीस पट. कोणी एक अक्षर जास्त टंकले नाही, तरीही.

यावर जाणकार लगेच आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. १३१ कोटी बाइट म्हणजे अवघे १.३ जीबी, पोथीच्या पानांची छायाचित्रे प्रत्येकी पन्नास-पन्नास एमबींची असतात, त्यांच्यापुढे मजकुराची उधळण कोण मोजणार? ज्या संग्रहात फक्त मोठ्या प्रतिमा आहेत, तिथे हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि तिथे क्लस्टरचा विचार करण्यात वेळ घालवू नये. पण आजचा डिजिटल संग्रह इतका साधा राहिलेला नाही. वाचकाला पान मोठे करून पाहता यावे म्हणून प्रतिमेच्या बारीक चौकटी पाडून ठेवतात. ८,००० बाय ६,००० बिंदूंच्या एका पानाच्या २५६ बिंदूंच्या चौकटी पाडल्या, तर पान लहान-मोठे करून पाहण्याच्या सगळ्या पातळ्या मिळून त्या हजाराच्या पुढे जातात. दोनशे पानांच्या एका पोथीच्या झाल्या दोन लाख फाइली. प्रत्येक चौकट सरासरी १५,००० बाइटांची धरली, तर त्यांची बेरीज ३ जीबी होते. ४ केबीच्या क्लस्टरवर त्या सव्वातीन जीबीच्या आसपास राहतात. १२८ केबीच्या क्लस्टरवर २६ जीबी. ही एका पोथीची कथा.

आणि काशीत पोथ्या किती आहेत! १७९१ साली जोनाथन डंकन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय उभे राहिले. त्याच्या सरस्वती भवन ग्रंथालयातल्या हस्तलिखितांची संख्या लाखाच्या घरात आहे. काशीचा हा ज्ञानव्यवहार मराठी मुलखाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला आहे. पैठणहून काशीला आलेल्या रामेश्वरभट्टांच्या घराण्यात नारायणभट्ट झाले, ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट झाले, आणि १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्टही त्याच घराण्यातले. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका १५७३ साली काशीतच पूर्ण केली. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी आहेत. यातले काय, किती आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे नीट कळायचे तर ते वाचता येण्याजोग्या रूपात संगणकावर यायलाच हवे.

तसे होण्याची शक्यता आता वाढली आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ पासून होतेच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मिशनची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. अत्यंत स्वागतार्ह काम. पण एक कोटी हा आकडा क्लस्टरच्या हिशेबात घालून पाहावा. प्रत्येक हस्तलिखितामागे २ केबीची एक सूची-फाइल धरली, तरी सगळी मिळून साधारण २० जीबी होतात. त्या फाइली सुट्या ठेवल्या, तर ४ केबीच्या क्लस्टरवर ४१ जीबी लागतात. १२८ केबीच्या क्लस्टरवर लागतात १,३१० जीबी. म्हणजे २० जीबीची सूची १ टीबीच्या डिस्कवर मावणार नाही! इतकी लहान सूची तालुक्याच्या ग्रंथालयालाही एका पेन ड्राइव्हवर देता यायला हवी. ती मिळेल की नाही हे ज्ञानावर नाही, फॉरमॅटच्या एका आकड्यावर अवलंबून राहावे, ही गोष्ट मान्य करण्यासारखी नाही.

लिनक्सवर गेल्याने सुटका होते असेही नाही. तिथल्या एक्स्ट-४ व्यवस्थेत ब्लॉक सहसा ४ केबीचाच असतो, पण प्रत्येक फाइलीला एक आयनोड म्हणजे नोंदीची जागा लागते, आणि त्या जागा डिस्क तयार करतानाच मोजून ठेवलेल्या असतात: रूढ प्रमाणात दर १६ केबीमागे एक. २-२ केबीच्या फाइली भरत गेल्या, तर डिस्क बरीचशी रिकामी असतानाच नोंदींच्या जागा संपतात आणि संगणक जागा नसल्याचे सांगतो. कार्यालयातला कर्मचारी मग नवी डिस्क मागवतो.

क्लाउडवर टाकले की चिंता मिटली, हा दुसरा गैरसमज. तिथे क्लस्टर दिसत नाही. तो बिलात दिसतो. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ सेवेत क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठी जो स्वस्त वर्ग आहे, त्यात १२८ केबीहून लहान फाइलीचे भाडेही १२८ केबीप्रमाणेच आकारले जाते. त्याहून स्वस्त असलेल्या काही ग्लेशियर वर्गांत प्रत्येक फाइलीमागे ४० केबीची वरकड नोंद मोजली जाते. म्हणजे २ केबीच्या सुट्या फाइली दीर्घ जतनासाठी तिथे ठेवणारी संस्था मजकुरापेक्षा नोंदींचेच भाडे भरत बसते.

ज्यांच्याकडे अफाट फाइली असतात, त्यांनी यावर उत्तर केव्हाच शोधले आहे. २०१० साली फेसबुकच्या अभियंत्यांनी ‘हेस्टॅक’ या आपल्या छायाचित्र-साठ्याविषयी निबंध वाचला. त्या वेळी त्यांच्याकडे २६० अब्जांहून अधिक प्रतिमा, २० पेटाबाइटांहून जास्त साठा होता. प्रत्येक छायाचित्र वेगळ्या फाइलीत ठेवण्यात फाइल व्यवस्थेच्या नोंदी वाचण्यातच डिस्कची शक्ती खर्ची पडत होती. त्यांनी असंख्य छायाचित्रे एकेका प्रचंड फाइलीत सलग लिहायला सुरुवात केली आणि कोणते छायाचित्र कुठे आहे याची लहानशी सूची संगणकाच्या स्मृतीत ठेवली. त्यांची अडचण जागेपेक्षा वेगाची होती. पण उपाय दोन्हींवर चालतो: सुट्या फाइली ठेवू नका, गठ्ठा करा.

मराठी दफ्तरखान्याला हा उपाय नवा वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कारकुनांनी प्रत्येक चिठोऱ्याला वेगळा कप्पा दिला नाही. डिजिटल संग्रहातही एका पोथीचा एक गठ्ठा असावा. पानांचा मजकूर, चौकटी, वर्णन, सगळे एका झिप किंवा टार फाइलीत. दहा हजार पानांचे उदाहरण पुन्हा घेतले, तर दोनशे-दोनशे पानांचे पन्नास गठ्ठे होतात. १२८ केबीच्या क्लस्टरवरही पन्नास गठ्ठ्यांमागे वाया जाणारी जागा सरासरीने ३-४ एमबीच्या पुढे जात नाही. झिपमध्ये मजकूर दाबला जातो, तो फायदा वेगळाच. देवनागरीत तीनपैकी पहिले दोन बाइट सारखे सारखे येत राहतात, त्यामुळे मराठी मजकूर छान दाबला जातो. तिप्पट बाइटांची किंमत तिथे बरीचशी वसूल होते. टार मजकूर दाबत नाही आणि प्रत्येक फाइलीमागे ५१२ बाइटांचा मथळा जोडते, तरीही १२८ केबीच्या उधळणीपुढे ती काटकसरच.

गठ्ठ्याचा धोकाही आहे, तो लपवून चालणार नाही. सुट्या फाइलींत एक बिघडली तर एक पान जाते. गठ्ठा बिघडला तर अख्खी पोथी अडचणीत येते. म्हणून सगळा संग्रह एकाच अजस्र झिपमध्ये कोंबणे हा वेडेपणा ठरेल. पोथीगणिक एक गठ्ठा, प्रत्येक गठ्ठ्याची पडताळणी-संख्या म्हणजे चेकसम वेगळ्या सूचीत, आणि किमान दोन ठिकाणी प्रती, हा मध्यम मार्ग आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीसोबत बॅगइट ही मांडणी तयार केली, ती २०१८ मध्ये इंटरनेटच्या खुल्या दस्तऐवजांत प्रसिद्धही झाली. फाइली, त्यांच्या चेकसमची यादी आणि संग्रहाची माहिती एका साध्या फोल्डररचनेत कशी ठेवावी, हे ती सांगते. तिला परवाना लागत नाही, पैसे पडत नाहीत.

‘डिस्क आता स्वस्त आहे’ हे उत्तर या विषयावर हमखास ऐकू येते. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या संस्थेला ते परवडतही असेल. पण जतन म्हणजे एक प्रत नव्हे. दोन-तीन प्रती, दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवणे, पुन्हा पडताळणे. उधळण प्रत्येक प्रतीत पुन्हा होते. दोन लाख सुट्या फाइली एका डिस्कवरून दुसरीवर नेताना प्रत्येक फाइलीची नोंद उघडावी-मिटावी लागते, त्यामुळे तेवढ्याच बाइटांच्या एका गठ्ठ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. वेळ जातो म्हणून प्रत काढणे पुढे ढकलले जाते. आणि मग एक दिवस एकुलती एक डिस्क बंद पडते. लहान गावातल्या ज्या वाचनालयाने लोकवर्गणीतून एकच डिस्क घेतली आहे, त्याला स्वस्ताईचा हा युक्तिवाद लागू पडत नाही.

मोठ्या डिस्क घेणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ४ केबीचा क्लस्टर ठेवून एनटीएफएसची डिस्क १६ टीबीपर्यंतच जाऊ शकते. त्यापुढच्या, आज बाजारात मिळणाऱ्या २० टीबीच्या डिस्कवर विंडोज आपणहून ८ केबीचा क्लस्टर निवडते. क्लस्टर ४ केबीहून मोठा झाला की एनटीएफएसची मजकूर दाबून ठेवण्याची नेहमीची सोयही बंद होते. डिस्क मोठी घेतली म्हणून मजकुरासाठी ती अधिक सोयीची झाली, असे नाही.

घरच्या वाचकालाही यात करण्यासारखे आहे. काशीयात्रेहून आल्यावर फोनमधले फोटो, चित्रफिती, घरच्यांचे आवाजी निरोप पेन ड्राइव्हवर उतरवले जातात. फोटो आणि चित्रफिती मोठ्या असतात, त्यांची काळजी नको. पण दहा सेकंदांचा आवाजी निरोप साधारण २०-२५ केबीचा असतो. १२८ केबीच्या क्लस्टरवर तो पाचपट जागा घेतो. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट असला, तर ते फोल्डर झिप करून ठेवावे. एवढेच पुरते. ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करण्याची घाई करू नये, कारण त्यात आतले सगळे पुसले जाते. करायचेच असेल तर आधी प्रत काढावी, आणि ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइज’ या रकान्यात लहान फाइलींसाठी ४ केबी निवडावे. कॅमेऱ्याच्या कार्डाला हात लावू नये, ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. डिजिटायझेशनचे काम कंत्राटदाराकडून ताब्यात घेताना कागदावर सहसा पानांची संख्या आणि डिस्कची क्षमता लिहिली जाते. तेवढ्यावर सही करू नये. एकूण फाइली किती, त्यांचे खरे बाइट किती, डिस्कवर प्रत्यक्ष अडलेली जागा किती, क्लस्टरचा आकार काय, पोथीगणिक गठ्ठे केले आहेत का आणि चेकसमची यादी कुठे आहे, हे सगळे सुपूर्दनाम्यात लेखी मागावे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळा तज्ज्ञही लागत नाही. निविदेच्या मसुद्यात काही ओळी वाढवाव्या लागतात. ज्ञानभारतम् मिशनने आपल्या सहभागी संस्थांसाठी हे बंधनकारक करावे. महाराष्ट्रातली संशोधन मंडळे, विद्यापीठे आणि पुराभिलेख विभाग यांनी त्याची वाट न पाहता आपल्या पुढच्याच निविदेत या ओळी घालाव्यात.